एकशे बत्तीस वेळापत्रकं

कळंबजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवायला लागलो, त्याच्या दुसऱ्याच वर्षी कापसाचा भाव पार कोसळला. मजूर लावणं परवडेना, म्हणून वेचणीला घरचीच माणसं जाऊ लागली. तांड्यावरच्या अकरावीतल्या चार मुली दिवाळीनंतर थेट मधल्या सुटीतच यायच्या. बोटं बोंडांनी ओरबाडलेली असायची.

माझा तास पहिला. मी रोज त्यांची गैरहजेरी मांडत होतो. एकदा त्यांतली एक व्हरांड्यात आडवी आली.

"सर, गणित पह्यलाच तास काहून ठेवता? आमी वावरातून येतो तवा ते संपून जाते."

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "हे टाइमटेबल बसवायले मले आठ दिवस लागले. एक तास हालवला का सारंच कोसळते. दुसरं बसतच नाही."

वाद घालण्याइतकी माझी नोकरी जुनी नव्हती. पण वर्गात तेव्हा क्रमचयाचाच धडा चालू होता. दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राच्या सरांकडून दुपारचा तास मागून घेतला आणि फळ्यावर सहा विषय लिहिले. सहा तासांत ते किती प्रकारे बसतील? सातशे वीस, वर्ग म्हणाला. गणित आणि भौतिक दोन्ही सुटीनंतरच्या तीन तासांत हवेत, तर?

तीच मुलगी उठली. "गणिताले तीन जागा, भौतिकले उरलेल्या दोन, बाकी चौघांचे चोवीस. एकशे चव्वेचाळीस."

"पण इंग्रजीच्या मॅडमले यवतमाळची एसटी असते," मागून कोणीतरी म्हणालं. "त्यांले शेवटचा तास जमत नाही."

इंग्रजी शेवटी ठेवलं, तर गणित-भौतिकचे दोन प्रकार आणि उरलेल्या तिघांचे सहा, असं तिने फळ्यावर मांडलं. मग बारा वजा केले.

मी प्राचार्यांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसून फळा वाचला.

"एकशे बत्तीस? मले तं एकच पायजे."

बारावीच्या तासांशी अडकणार नाही असं ते एक शोधायला आम्हा दोघांना दोन संध्याकाळ लागल्या. सोमवारपासून इंग्रजी चौथं, गणित पाचवं, भौतिक सहावं. चौघी पहिल्या बाकांवर येऊन बसल्या.

सकाळचे तीन विषय मात्र बुडतच राहिले. मी तसं बोललो, तर तीच मुलगी उलट माझी समजूत घालत म्हणाली, "मराठी आमी घरी वाचतो, सर."

पुढच्या वर्षी तिघी बारावीला बसल्या, तीही त्यांत होती. चौथीचं लग्न वेचणी आटोपताच झालं होतं.