मरून राहिली

पागलखान्यातून मला सोडलं ते पक्कं नव्हतं. भावाच्या हमीवर, सहा महिन्यांपुरतं. दर महिन्याला तिरोड्याच्या सरकारी दवाखान्यात तोंड दाखवायचं. तिथल्या डॉक्टरांनी 'ठीक नाही' लिहिलं की परत आत. मी आत गेले की माझी चार वर्षांची पोर सासरचे नेणार, मग ती मला कधी दिसणार नव्हती.

पागलखान्यातून माझा कागद तिरोड्याला आला होता. माझी बिमारी त्यात इंग्रजीत लिहिलेली. पहिल्या खेपेला मी तो मागितला, तर डॉक्टर हसले. "तुमच्या डोक्याची काळजी आम्ही करू," म्हणाले. डोकं माझं आणि किल्ली यांच्या खिशात! पण बोलायची छाती नव्हती. महिनाभर भाताचा घास गिळवेना. हसले तर लिहितील, रडले तर लिहितील. कागदात काय आहे तेच ठाऊक नाही, तर वागू तरी कशी?

दुसऱ्या खेपेला डॉक्टर अजून यायचे होते. कंपाउंडर आमच्या शेजारच्या गावचा. भावाने हात जोडले, तेव्हा त्याने दाराकडे बघत फाइल उघडली आणि वाचता वाचता थांबला.

"बाई, तू तिथं 'मी मेली' म्हणत होती का?"

"मी? कायले म्हणू?"

"लिवलं हाये. स्वतःले मेलेली समजते म्हणून. तीनदा बोलली म्हणते."

धाकटं बाळ गेल्यावर मी अन्न सोडलं होतं, म्हणून तर मला तिथे टाकलं. पुढे भूक परत आली. नव्याने आलेल्या पुण्याकडच्या डॉक्टरांना मी तीनदा सांगितलं, "मी मरून राहिली, साहेब." आमच्याकडे भुकेली बाई असंच म्हणते; मरून राहिली म्हणजे मरतेय, भुकेने जीव चालला, एवढाच अर्थ. त्यांनी ऐकलं, ही मेली आणि मेलेलीच राहिली. मी भाकरी मागत होते हो! त्यापायी चार महिने जास्त ठेवलं मला.

"डॉक्टरांना सांगते ना मी," म्हटलं.

"कागद पाहिला कसा, म्हणून विचारतीन," कंपाउंडर म्हणाला. "माही नौकरी जाईल, बाई."

तेवढ्यात डॉक्टर आले. हेही पुण्याकडचेच.

"कशी आहे तब्येत?"

'बरी होऊन राहिली' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. चौथीच्या पुस्तकातल्यासारखं एकेक वाक्य बोलले. "माझी प्रकृती बरी आहे. मी जेवते. मला झोप लागते." त्यांनी काहीतरी लिहिलं. काय, ते मी विचारलं नाही.

बाहेर पायरीवर पोर सकाळपासून उपाशी बसलेली. मला बघताच पायांना बिलगली.

"माय, मी मरून राहिली वं!"

खिडकीत डॉक्टर उभे होते. मी तिच्या तोंडावर हात दाबला, इतक्या जोरात की तिचा ओठ फुटला.