स्टेजकडे पाठ

पनवेलच्या बाजारातल्या आमच्या फोटोवाल्याला फोनमधले फोटो दाखवायचे म्हणजे बोलणी खायची तयारी हवी. प्रिंट काढता काढता तो चष्म्यावरून बघतो आणि सुरू होतो. "ताई, पोरांचा फोटो उभ्यानं नाय काढायचा, तुमी पण खाली बसा. जेवणाचं ताट खिडकीशी न्या, ट्यूबखाली ताजी मासळीपण शिळी दिसते. आणि लग्नात स्टेजकडे पाठ करा. खरा फोटो समोर खुर्चीत बसलेला असतो."

हे शेवटचं मला नुसती बडबड वाटायची.

परवा एक तरुण दुबईच्या व्हिसासाठी फोटो काढायला बसला होता. हसायचं नाही, हलायचं नाही. कॅमेऱ्यामागे उभी असलेली त्याची बायको स्वतःच्या गळ्याशी बोटं नेऊन त्याला कॉलर नीट करायला खुणावत होती. त्याचा फोटो निघाला. फोटोवाला 'उठा' म्हणाला नाही. तो गर्रकन वळला आणि त्यानं तिचाच फोटो काढला, बोटं अजून गळ्याशीच असताना.

"हिचा कशाला?" तरुणानं विचारलं.

"तुमचा व्हिसाला लागतो," तो प्रिंटरकडे वळत म्हणाला. "हा तुमाला तिकडे लागेल."