मागे घेतलेली मुलाखत

एम.ए.च्या दोन वर्षांत मी अनोळखी माणसांना एक वाक्य इतक्या वेळा वाचून दाखवलं, की ते मला अजून झोपेतही म्हणता येईल. "तुम्ही जे सांगाल ते तुमचं आहे. वाटलं तर कधीही, कारण न देता, तुम्हाला ते मागे घेता येईल." आमची पदवी समाजशास्त्राची होती आणि तिला सामाजिक धोरण व मानवी हक्क अशी दोन भारदस्त शेपटं जोडलेली होती. बेंगळुरूतल्या आमच्या संस्थेला या वाक्याचा फार अभिमान. ते सांभाळायला नीतिसमिती नावाची समितीच होती. ऐकणारी माणसं कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत आणि आम्ही रेकॉर्डर सुरू करत असू. कुणी कधी काही मागे घेतल्याचं संस्थेत कुणालाच आठवत नव्हतं.

माझा प्रबंध कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या बायकांवर होता. मी पुण्याची, कन्नड भाजी घेण्यापुरतं. शहराबाहेर आनेकलला निपाणीकडच्या मराठी बोलणाऱ्या बायका राहतात हे कळल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनी मला तिकडे पाठवलं. तिथे मला अक्का भेटली. तिला सगळे अक्काच म्हणत. चाळिशीची, शिलाईच्या मशीनवर बसणारी. धाकट्या बहिणीला तिनेच गावाहून आणलं होतं. दोघी एका खोलीत राहत, एकाच कारखान्यात जात. आदल्या वर्षी बहीण काविळीने गेली.

आमची मुलाखत पाळ्या, सुपरवायझर, संडासला जायची परवानगी अशा ठरलेल्या रस्त्याने गेली. शेवटी मी ठरलेला शेवटचा प्रश्न विचारला, "आणखी काही सांगायचं आहे?"

अक्काने आधी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती येती की अजून. दुपारी पाळी सुटायच्या वक्ताला."

बहीण येते हे तिला कशावरून कळतं, तेही तिने सांगितलं. एक आवाज असतो. कसला, ते मी इथे लिहिणार नाही. तो भाग आता माझा नाही. गावाकडे असलेल्या नवऱ्यालाही तिने ते सांगितलं नव्हतं.

सरांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "हा तुझ्या प्रबंधाचा कणा," ते म्हणाले. आठवड्याभरात त्यांनी त्याला एक नावही दिलं, 'शोकाचा श्राव्य अवकाश'. एखाद्या गोष्टीला नाव दिलं की ती आपल्याला कळली असा आमच्या विभागात समज होता.

मग मी बसवनगुडीतल्या माझ्या खोलीत मुलाखत उतरवून काढायला बसले. उतरवताना शब्दच नाही तर खोकला, कुकरची शिट्टी, सगळं टिपायचं असा नियम. अक्का बहिणीबद्दल सांगत होती तिथे मागे एक आवाज होता. मी टंकलं, '(बाहेरून आवाज)', आणि पुढे गेले. तो भाग पुन्हा ऐकला तेव्हा लक्षात आलं, की आवाज झाल्यावर अक्का थांबत नाही. ती आधी थांबते. दारात पाहुणा दिसल्यावर आपण सरकून बसतो, तशी जागा करून देते. मग आवाज येतो.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या खिडकीशी तोच आवाज येऊ लागला. दुपार कलताना, तिसऱ्या मजल्यावर. एखादी गोष्ट वारंवार ऐकली की ती कानात राहते, हे मला माहीत होतं. त्या समजुतीवर मी चांगली तगून होते. मग एका सुट्टीच्या दिवशी माझी नागपूरची रूममेट लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "काय गं, खिडकीला काय बांधून ठेवलंय तू? किती इरिटेटिंग आहे यार!"

तिने ती मुलाखत कधी ऐकली नव्हती. तिच्या कानात दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा असत.

त्याच सुमाराला अक्का संस्थेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. पाळी बुडवून, दोन बस बदलून आली होती. मी तिला कँटीनमध्ये नेलं. कॉफीला तिने हात लावला नाही.

"तूच म्हणालीस न्हवं, मागं घेता येतं म्हणून?"

"हो, येतं की. का गं अक्का?"

"तुला सांगितल्यापासनं ती येईना झालीया. एकदाबी न्हाई." मग माझ्याकडे नीट बघत तिने विचारलं, "तुझ्याकडं येती का?"

मी कॉफीचा कप तिच्याकडे सरकवला. ती मान हलवून म्हणाली, "येती."

मी घाईने म्हटलं, "आपण रेकॉर्डिंग पुसून टाकू. आजच्या आज अर्ज करते."

"पुसू नगं बाई! पुसल्यावर ती कुठं जाईल? मला परत दे."

नीतिसमिती बसली. कॉफी आली, बिस्किटं आली. मागे घेण्याची मुदत संपली असं म्हणता येईल का, असं एका सदस्यांनी विचारलं. आमच्या वाक्यात 'कधीही' होतं, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. 'परत देणे' ही क्रिया कुठल्याच नियमात बसेना. शेवटी ठरलं, की साक्षीदारांसमक्ष फाइल पुसावी आणि सहभागी व्यक्तीला तसं प्रमाणपत्र द्यावं. बाहेर आल्यावर सर हळूच म्हणाले, "अक्काचं प्रकरण गेलं तर प्रबंधात उरतं काय? तिला समजावून बघ." भुताला नाव देणारे सर एका शिलाई कामगार बाईला घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

रविवारी मी आनेकलला गेले. अक्काने चटई टाकली आणि रेकॉर्डर पाहून नाक मुरडलं.

"ते यंत्र नगं. तू सांग. म्यां सांगितलं तसंच. मी ऐकते."

"आणि मग?"

"मग ते माझं. तुला मागं मागता यायचं न्हाई, सांगून ठेवते. बाकीचं लिही खुशाल, पास हो. तेवढं ठिवून जा."

संमती घेण्याची ही पद्धत आमच्यापेक्षा बरी होती. मी सांगायला लागले. इतक्या वेळा ऐकलेलं, की मला तिचे शब्दच येत होते, तिचे हेलसुद्धा. पुण्याच्या तोंडात ते विचित्र वाटत असणार, पण ती हसली नाही. एका ठिकाणी माझा शब्द चुकला, तो तिने दुरुस्त केला. जिथे ती थांबली होती तिथे मी थांबले. मुद्दाम नाही. ती जागा तशीच पाठ झाली होती.

अक्काने खिडकीकडे मान वळवली. चेहरा असा, की मला तिकडे बघायचा धीर झाला नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ऐकलंस?"

शेजारच्या टीव्हीवर मालिका चालू होती. लांब कुठेतरी बस हॉर्न देत होती. मी कान देऊन बसले.

"नाही गं अक्का. मला काहीच ऐकू आलं नाही."

तिचे खांदे खाली आले. "सरी," ती म्हणाली, "म्हंजे आली." आणि चहा टाकायला उठली.

फाइल नंतर साक्षीदारांसमक्ष पुसली गेली. प्रमाणपत्र अक्काने घेतलं नाही, ते समितीच्या कपाटात आहे. त्या प्रकरणाविना प्रबंध बारीक झाला. बाहेरच्या परीक्षकांनी 'कणा जाणवत नाही' असा शेरा मारून मला कसंबसं पास केलं, आणि सरांनी निरोपसमारंभात माझ्याशी हवापाण्यावर गप्पा मारल्या.

आनेकलहून आल्यावर आठवड्याने रूममेट म्हणाली, "थँक गॉड, काढलंस एकदाचं ते खिडकीचं."

"हो," मी म्हटलं, "ज्याचं होतं त्याला देऊन आले."