सही करणाऱ्यानं खाली उभं राहायचं

वडील ज्या यंत्रमाग कारखान्यात होते तो बंद पडला आणि चौघांचं पोट आईच्या बोटांवर आलं. सोलापुरात ती विड्या वळायची. पावसाळ्यात पानं सर्द झाली की विड्या परत यायच्या आणि चूल दिवसातून एकदाच पेटायची. त्या घरातली पहिली पदवीधर मी, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. चंदीगडजवळ पंचकुल्यातल्या ड्रोन कारखान्यात नोकरी लागली, तिथल्याच खरड नावाच्या गावात खोली घेतली, आणि पहिल्या पगारापासून घर माझ्यावर आलं. ती नोकरी जाणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

निकम काका आमचे तपासणी प्रमुख. साताऱ्याकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सोलापूरची न्हवं? मग शेंगाचटणी आणलीस, का नुसतीच डिग्री?"

त्यांची एक रीत होती. 'पास' म्हणून ज्यानं सही केली त्याला ते मैदानात न्यायचे. ड्रोनला वीस किलो वाळूचं पोतं बांधून दोन मजले उंच चढवायचे आणि सही करणाऱ्याला हेल्मेट घालून बरोबर खाली उभं करायचे. स्वतःही शेजारी उभे राहायचे.

"काका, एवढ्या वजनाला हेल्मेटचा काय उपयोग?"

"ते नियमापुरतं. बाकी तुझं नशीब आन् तुझी सही."

आमचा कारखाना आधी शेतात औषध फवारणारे ड्रोन बनवायचा. मग सीमेवर भडका उडाला. एका सकाळी चंदीगडभर सायरन वाजले आणि आम्ही सगळे टेबलांखाली शिरलो. मी टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवला होता. काका शेजारी गुडघे धरून बसले होते. त्यांचाही चेहरा उतरलेला. हळूच म्हणाले, "आमच्या येळंला आधी इमानाचा आवाज यायचा, मग भीती. आता भीतीच आधी येती."

त्यानंतर फवारणीची कामं बाजूला पडली. फौजेच्या बर्फातल्या चौक्यांवर औषधं आणि रेशन नेणारे ड्रोन हवे होते, तेही ताबडतोब. एक डिझाइन हातात बसेपर्यंत दुसरं यायचं. ड्रोनचे पंखे फिरवणाऱ्या, बाहेरच्या देशातून येणाऱ्या छोट्या मोटारी थांबल्या, कारण सगळं जगच त्या मोटारींच्या मागं लागलं होतं. मग मालकांनी मिळतील तिथून मोटारी उचलल्या.

या मोटारींत चुंबक गोंदानं चिकटवलेले असतात. कडक थंडीत गोंद टिकतो की नाही हे बघायला मोटारी बारा तास थंड पेटीत ठेवायच्या असतात. चाळीस ड्रोन तयार होते आणि संध्याकाळी ट्रक निघायचा होता. मालक माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, दो घंटे बहुत हैं। नहीं तो इंजिनियर और मिल जाएँगे।"

मी दोन तास ठेवल्या, रजिस्टरात बारा लिहिले आणि सही केली.

काकांनी रजिस्टर पाहिलं. "चल," एवढंच म्हणाले.

पोतं वर चढलं. मोटारींची घरघर कानात घुसत होती. काका खाली जाऊन उभे राहिले. माझे पाय मैदानाच्या कडेलाच रुतले.

"ये की गं."

"नको काका. तुम्हीपण बाजूला व्हा."

"का? पास हाय न्हवं?"

"बारा तास नाही ठेवल्या. दोनच ठेवल्या."

ते सावकाश बाहेर आले. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत सालटी काढणार. पण त्यांनी विचारलं, "भ्या वाटलं?"

"हो."

"मग त्येच लिही. बारा खोड, दोन लिही, खाली सही कर. कागद उडत न्हाय पोरी. उडतंय ते हे. आन् पडलं तर तिकडं कुणाच्या तरी पोराच्या डोक्यात पडतंय."

मी बारा खोडले, दोन लिहिले आणि खाली सही केली. रजिस्टरच्या पानांवर क्रमांक छापलेले होते, त्यामुळं पान फाडता येणार नव्हतं. ते पान पाहून फौजेचा तपासनीस माल घेणार नाही, हे मालकांच्या लगेच लक्षात आलं. ते तणतणत माझ्याकडं आले तसे काका मधे उभे राहिले. "माल मैंने रोका है। लड़की से कुछ मत बोलना।"

दुसऱ्या दिवशीपासून काकांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. माझी नोकरी राहिली.

ते गावाकडं निघाले. स्टेशनवर त्यांना सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "काका, ही भीती जाते का कधी?"

"जाऊ दिऊ नगं. जिची भीती गेली तिला तपासणीला ठेवायचं नसतंय." गाडीत चढता चढता थांबले. "आज औषध नेतंय. उद्या त्याच हुकाला काय लटकवतील, ते आपल्याला कोण इचारणार न्हाय. तवा तरी सही करताना थांब जरा."

चाळीसही ड्रोनच्या मोटारी आम्ही पूर्ण बारा तास थंडीत ठेवल्या. सात ड्रोनच्या मोटारींतले चुंबक सुटले. त्या मोटारी बदलून पुन्हा तपासल्या. माल नऊ दिवस उशिरा गेला. चाळीसही ड्रोन सामान घेऊन चौक्यांवर पोचले.