खांदवे उभेच होते

नारायण पेठेत लग्नपत्रिकांच्या दुकानावर एक हॉल आहे. खाली कागदाचा आणि शाईचा वास, वर रविवारी सकाळी पोलादाचा खणखणाट. जिन्याच्या तोंडाशी घरमालक बापूरावांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: 'शस्त्रे हातात घेऊन जिना चढू नये. समोरून आमचे गिऱ्हाईक येत असते.' ह्या हॉलमध्ये ललिता ओव्हाळ गेली कित्येक वर्षं तलवार शिकवते.

ललिता पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, बोलायला फटकळ. एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. वडील पोस्टात होते. खेळाच्या कोट्यातून पोरीला नोकरी लागेल एवढ्याच विचाराने त्यांनी तिला तलवारबाजीच्या वर्गाला घातलं. नोकरी लागली, पण तलवार काही सुटली नाही. पुढे स्पर्धेतली ती हलकी, लवलवती तलवार तिला पुरेनाशी झाली, तेव्हा ती युरोपातल्या जुन्या, दोन हातांनी पेलायच्या लांब तलवारीकडे वळली. तिकडच्या जुन्या वस्तादांनी काढून ठेवलेली चित्रं बघायची, पावलं फरशीवर खडूने आखायची आणि त्यांवरून चालत राहायचं, असं करत ती शिकली. मग मुलंमुली जमली.

रविराज खांदवे तिथे आला तो मुळात वाद घालायलाच. लोहगावचा माणूस. घरची जमीन इमारतींखाली गेली तेव्हा भावांनी गाड्या घेतल्या, ह्याने जपानी भाषेचा वर्ग लावला. दुभाषा म्हणून नागोयाला गेला, तिथल्या एका म्हाताऱ्या गुरूकडे तलवार शिकला आणि परत आल्यावर चाकणच्या कारखान्यांमधून जपानी साहेबांचं बोलणं मराठीत आणि मराठी कामगारांचं बोलणं जपानीत करत राहिला. लग्न केलं नाही. आई प्रेमलाबाईंबरोबर राहायचा.

"मॅडम, तुमची तलवार दोन्ही बाजूंनी कापते म्हणता," पहिल्याच दिवशी दारात चपला काढत तो म्हणाला. "मग एवढी लांब कशाला लागते?"

"तुमच्यासारख्यांपासून लांब राहता यावं म्हणून," ललिता म्हणाली. "आत या. आणि बूट घालून या, फरशी गुळगुळीत आहे."

त्याने बूट कधीच घातले नाहीत. अनवाणी पाय फरशीवरून न उचलता घसटत पुढे यायचा. ललिता मात्र टाच टेकवत, तिरकं पाऊल टाकत बाजूला व्हायची. दोघांच्या पायांचे आवाज इतके वेगळे, की खाली बापूरावांना छताकडे न बघता कोण कुठे आहे ते कळायचं.

पुढची काही वर्षं दर रविवारी हे चाललं. बोथट तलवारी, जाड जाकिटं, तोंडावर जाळीचा मुखवटा, आणि मधल्या वेळात भांडण. रविराज सांगायचा, जपानी पात्याची धार कडक आणि पाठ मऊ असते. धार टिकते, पण वार वेड्यावाकड्या कोनात बसला तर पातं वाकतं आणि वाकलेलंच राहतं. ललिता सांगायची, युरोपातलं चांगलं पातं लवतं आणि पुन्हा सरळ होतं.

"म्हणून आम्हाला कोन चुकवून चालत नाही," रविराज म्हणायचा.

"आणि आम्हाला माणसासारखं चुकता येतं."

तिची विद्या स्पर्शाची होती. दोन पाती एकमेकांना भिडली की भिडलेलीच ठेवायची. समोरचा दाबतोय की ढिला पडलाय हे मनगटाला कळतं आणि त्यावरून टोक कुठे घुसवायचं ते ठरतं. त्याची विद्या अंतराची. पात्याला पातं लागूच द्यायचं नाही, योग्य क्षणी एकच वार. ललिता वार करून झाली की तलवारीची आड धरत मागे सरायची. रविराज मात्र वार झाला की जागीच थांबायचा. टोक समोरच्यावर रोखलेलं, नजर स्थिर, अंगात हालचाल नाही. वार लागो, न लागो, त्यालाच लागो, तो तसाच उभा.

"ह्याला जपानीत झानशिन म्हणतात," त्याने एकदा मुलांना सांगितलं होतं. "वार संपतो, मन संपत नाही. मागे उरलेलं मन."

"म्हणजे पुतळा," ललिता म्हणाली आणि सगळे हसले.

अक्षता नावाची मुलगी, आयटीत नोकरी करणारी आणि वर्गात सगळ्यांत तयारीची, तिने मध्येच विचारलं होतं, "मॅडम, ह्या जपान-युरोपच्या भांडणात आपली तलवार कुठे?"

"आपल्या कितीतरी तलवारींचं पातं फिरंग्यांचं आणि मूठ इथली," ललिता म्हणाली. "आपल्या लोकांनी वाद घातला नाही, जोडून टाकलं."

ती आणि रविराज एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिले. वर्गाबाहेर भेट म्हणजे फार तर कोपऱ्यावरचा चहा. पण रविवार यायचा म्हटलं की ललिताला शनिवारपासूनच बरं वाटायचं, आणि ह्याबद्दल ती स्वतःशीसुद्धा कधी बोलली नव्हती.

तो रविवार उन्हाळ्याच्या तोंडाशी आला. शेवटची लढत नेहमीप्रमाणे ह्या दोघांची. रविराजने वरून वार टाकला, ललिताने तो अडवून पातं पात्यावरून घसरवलं आणि बोथट टोक त्याच्या जाकिटावर छातीला टेकवलं. स्वच्छ वार होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ललिता मागे सरली आणि तिने आपला मुखवटा काढला. रविराज उभा राहिला, टोक तिच्यावर रोखून.

ती थांबली. हे नेहमीचंच होतं.

"झालं का, खांदवे?" जरा वेळाने ती हसत म्हणाली. "आम्हाला घरी जेवायला जायचंय."

मुलं हसली. रविराज उभाच होता. मुखवट्याची काळी जाळी तिच्याकडे वळलेली.

"कळलं हो आम्हाला, तुमचं मन उरलंय ते!"

पुन्हा हशा झाला. आणि मग तलवार त्याच्या हातातून पडली. ज्या माणसाने कधी चुकून सुरीसुद्धा खाली पडू दिली नसती, त्याची तलवार फरशीवर आदळली, तेव्हा कुठे ललिता धावली. ती पोचायच्या आत तो गुडघ्यांवर आला होता. मुखवटा काढला तेव्हा डोळे उघडे होते, पण कुणाकडेच बघत नव्हते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हृदयाच्या नळ्या कधीच्या चोंदलेल्या होत्या. त्या टोकाचा काही संबंध नाही. हे जिन्यातही झालं असतं, जेवतानाही झालं असतं. ललिताने मान हलवली. तिला सगळं पटलं होतं. वार तिच्या मनात नव्हताच. मनात होता तो त्यानंतरचा वेळ, ज्यात एक माणूस तिच्यासमोर मरत उभा होता आणि ती त्याची टिंगल करत होती.

वर्ग तिने बंद केला नाही. पण हॉल पूर्वीसारखा राहिला नाही. खिडकीकडच्या बाजूला, जिथे रविराज उभा असायचा, तिथे कुणी जाईना. कुणी ठरवलं नव्हतं. लढता लढता मुलं त्या जागेपाशी आली की आपोआप वळसा घेत, जणू तिथे कुणी तलवार रोखून उभं आहे आणि त्याच्या टप्प्यात जायचं नाही. ललिताच्या हे लक्षात आलं तेव्हा तिने अक्षताला विचारलं, "तिकडे का जात नाहीस?"

"कुठे?" अक्षता म्हणाली. मग तिने तिकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, आय स्वेअर, मला माहीतच नव्हतं."

एकदा भर सकाळी, मुलं यायच्या आधी, ललिता फरशी पुसून घेत होती. मागे घसटत्या पावलांचा आवाज आला. अनवाणी, हळू, पुढे येणारा. ती वळली नाही. वळून कुणी दिसलं असतं तरी भीती आणि दिसलं नसतं तरी भीतीच. आवाज जिथे थांबायला हवा होता तिथेच थांबला, तलवारीच्या अंतरावर. बऱ्याच वेळाने खालून बापूराव ओरडले, "कोण आलंय हो वर?"

रस्त्यात कुणी निश्चल उभं दिसलं की तिला तसंच पुढे जाता यायचं नाही. स्वारगेटला एक गृहस्थ थांब्यावर पिशवी घेऊन खांबासारखे उभे होते. ती गाडी लावून त्यांच्याजवळ गेली. "अहो, बरं वाटतंय ना आपल्याला?"

"बस येत नाहीये," ते म्हणाले. "बरं कसं वाटेल?"

ती हसू शकली नाही. त्यांच्या दंडाला हात लावून बघावंसं वाटलं होतं.

सगळ्यांत वाईट म्हणजे तिच्या स्वप्नात चेहरा यायचा नाही. नुसती जाळी यायची.

पावसाळा सरता सरता प्रेमलाबाई आल्या. लोहगावाहून रिक्षा करून, एकट्या. जिना चढून धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. नऊवारी, हातात काही नाही. वर्ग संपून मुलं निघाली होती, फक्त अक्षता सामान आवरत होती.

"तुमीच का त्या ओव्हाळबाई?"

ललिताने खुर्ची पुढे केली. पाणी दिलं. म्हातारीने हॉल नजरेखालून घातला.

"एक इचारायला आले. माज्या पोराच्या तोंडावर शेवटाला काय व्हतं? तुमी समोर व्हता म्हणं."

ललिताला खोटं बोलता आलं असतं. शांत होते म्हणाली असती तर म्हातारी पदराला डोळे पुसून निघून गेली असती.

"मला दिसलं नाही, आई," ती म्हणाली. "तोंडावर जाळी होती. ते उभे राहिले आणि मला वाटलं, नेहमीसारखे उभे आहेत. मी चेष्टा केली त्यांची. दोनदा केली."

प्रेमलाबाईंनी पाण्याचा उरलेला घोट घेतला.

"घरी बी उभा राहायचा," मग त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी. जिन्यात, अंगणात, मधीच थांबायचा. हातात काय बी नसायचं. मला वाटायचं, ह्याची ती जपानी कवायत चाललीया. मी चहाचा कप घिऊन वळसा घालून जायची. एकदा म्हनले बी, 'बाजूला हो की रं, वाटंत खांबावानी!' हसला. बोलला न्हाई काय."

अक्षताने हातातली जाकिटं खाली ठेवली.

"माज्यापुढं तर त्याच्या तोंडाला जाळी बी नव्हती, बाई," म्हातारी म्हणाली. "उघडं तोंड व्हतं. तरी म्या बघितलं न्हाई."

ललिता तिच्या पायाशी फरशीवर बसली. दोघींपैकी कुणी रडलं नाही. खालच्या दुकानात कुणीतरी पत्रिकेवरच्या गणपतीच्या रंगावरून हुज्जत घालत होतं, ते इथवर ऐकू येत होतं.

"कसा उभा व्हता ते दावा," प्रेमलाबाई म्हणाल्या.

ललिता उठली. बूट काढले. त्याची सरावाची लाकडी तलवार अजून कोपऱ्यात होती, ती घेतली. खिडकीकडच्या त्या जागेत जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी मूठ धरून, टोक म्हातारीच्या गळ्याच्या उंचीवर. फरशी पायांना गार लागली. तिथून दिसत काय होतं, तर समोरच्या माणसाचा चेहरा, फक्त तेवढाच. सगळी खोली त्याच्याभोवती विरून जात होती. म्हणजे त्या दिवशी त्याला ती दिसत होती, हसताना.

प्रेमलाबाई उठल्या, पुढे आल्या, तलवारीला वळसा न घालता तिच्या टोकाला हात लावून ती बाजूला केली, आणि ललिताच्या छातीवर तळवा ठेवला. ठोका लागेपर्यंत ठेवला.

"चालतंय," त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

त्यानंतर वर्गाला एक नियम आला. लढत संपली की आधी मुखवटे काढायचे, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं, मगच कुणी कुणाला काय बोलायचं ते बोलावं. नवी मुलं ह्याला शिष्टाचार समजतात. ललिता कारण सांगत नाही.

ती आता जपानी पद्धतही थोडी शिकते आहे, एकटीच, रविराजने शिकवलेलं आठवून. जमत नाही. मनगटं जुन्या सवयीने पात्याचा स्पर्श शोधत राहतात आणि समोर तर कुणी नसतं. परवा वर्ग चालू असताना तिने वरून वार टाकला आणि थांबली. टोक रोखलेलं, नजर समोर. काहीतरी समोर होतं किंवा नव्हतं, तिला सांगता येणार नाही. पण तिथून नजर हलवावीशी वाटेना, आणि ती थांबली ती थांबलीच.

"मॅडम!" अक्षता हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आली, येता येताच तिने स्वतःचा मुखवटा काढून फेकला होता. "मॅडम, ठीक आहात ना? माझ्याकडे बघा!"

ललिताने तिच्याकडे बघितलं. मग तलवार खाली ठेवली आणि तिचा तळवा आपल्या छातीवर धरला.