दोन्ही अंगांना कुंकू

लेखनाचा अधिकार नसताना लिहायला बसलो आहे, याची मला जाणीव आहे. पन्नाशी उलटेपर्यंत प्रयोगांच्या नोंदींखेरीज मी काही लिहिले नव्हते. तेव्हा वाचकांनी हे धाडस पोटात घालावे. बाईंविषयी दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही, आणि लिहिलेच तर ते कुंकवाची गोष्ट गाळतील, अशी भीती वाटते.

बाई प्लास्टिकला हुकूम सोडत. पुण्याजवळच्या उरवड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, गरम तेलात बुडवलेल्या पातळ फिल्मकडे पाहत त्या विजेचा दाब वाढवू लागत आणि शाळेतल्या कवायतीच्या आवाजात म्हणत, "चला, वळा आता." सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता. मी त्यांचा एकमेव सहायक. लातूरहून पदार्थविज्ञान शिकून आलेला, आणि हुकूम ऐकताच फिल्मच्या आधी स्वतः वळणारा.

शेडचे मालक अण्णा. काय चालले आहे हे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून समजावले. या प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात. प्रत्येकीची एक बाजू धन, दुसरी ऋण. स्फटिकात मात्र त्या एक इकडे तोंड, एक तिकडे तोंड अशा बसतात, त्यामुळे एकीचे दुसरी खोडून काढते. जबर विद्युतक्षेत्र लावले, की एकाआड एक साखळी स्वतःभोवती वळते. आणखी जोर लावला, की वाकड्या साखळ्या सरळ होतात आणि स्फटिकाची घडणच बदलते.

"म्हंजी आमची ग्रामसभा," अण्णा म्हणाले. "पन समदी एका अंगाला वळल्यावं फायदा काय?"

"मग फिल्म दाबली की वीज देते. नाडीचा ठोकासुद्धा तिला कळतो."

"आन जोर काढल्यावं पुन्ना फिरली तर?"

"म्हणून गार होईपर्यंत जोर काढायचा नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या मलाही दिवसातून अनेकदा ऐकवीत, चहा गाळतानासुद्धा.

गुरुवारी आमच्याकडे वीज नसे. फिल्म गार होण्याआधी वीज गेली तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून बाई गुरुवारी तेलाची भट्टी पेटवतच नसत. अण्णांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, याचा अर्थ असा लावला की बाईंना गुरुवारचा उपास असतो. त्या दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी पाठवू लागल्या. खिचडी उत्तम असल्यामुळे बाईंनी खुलासा केला नाही. त्यांच्या शास्त्रीय प्रामाणिकपणातली ही एकच फट मला ठाऊक आहे.

वळवलेली फिल्म दोन्हीकडून सारखीच दिसते. म्हणून तिच्या धन बाजूला बाई कुंकवाचे बोट लावीत. "शाई पुसली जाते, कुंकू कपड्यांवरूनसुद्धा जात नाही," असे त्यांचे म्हणणे.

त्या वर्षी माण-हिंजवडीच्या बाजूने जमिनींना गिऱ्हाईक येऊ लागले होते. शेडची जागा विकायचे अण्णांच्या मनात होते. "दिवाळीपातुर थांबतो बाई. एकादं गिऱ्हाईक दावा," एवढी सवलत त्यांनी दिली. दवाखान्यांची उपकरणे बनवणारे एक गृहस्थ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचे ठरले. पलंगावर झोपलेल्या माणसाचे ठोके दाखवणारी चटई त्यांना हवी होती. ती पसंत पडली तर शेड राहणार होती, नाहीतर नाही.

बाईंनी दोन फिल्म कुंकू वर ठेवून एकावर एक जोडल्या, म्हणजे दोघींची वीज मिळून दुप्पट व्हावी. त्या सतरंजीत शिवून चटई केली, आणि पाहुणे आल्यावर तिच्यावर अण्णा झोपले. चटईला जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेष सरळच्या सरळ राहिली.

पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. वहिनी पदर तोंडाला लावून पुढे आल्या. "बाई, ह्ये जित्ते हायेत न्हवं?"

"हाय मी," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "उठू का?"

"पडून राहा," बाई म्हणाल्या. त्यांनी चटई उसवून वरची फिल्म उलटली. तिच्या दुसऱ्या बाजूलाही कुंकू होते.

"वहिनी, हे कुणी लावलं?"

"मीच की. खंडेनवमीला हत्यारं पुजायची न्हाईत व्हय? तुमी एकाच अंगाला लावल्यालं. म्हनलं, शिकल्याल्या बाया अशाच, अर्धी पूजा करत्यात. मी पुरी केली."

एक फिल्म पालथी बसली होती. दोघी एकमेकींचे खोडून काढत होत्या. बाईंनी पाहुण्यांपासून काही लपवले नाही. प्रत्येक फिल्म अंगठ्याने दाबून, रेष वर जाते की खाली ते पाहून त्यांनी पालथी फिल्म सरळ केली. अण्णा पुन्हा आडवे झाले आणि रेष उसळली.

"ह्यांचं काळीज एवढं पळतंय," वहिनी म्हणाल्या, "घरात तर कदी दिसलं न्हाई."

पाहुणे हसले, आणि जाताना छोटीशी मागणी नोंदवून गेले. "बारकी का असंना," अण्णा म्हणाले, "शेड ऱ्हाऊ द्या बाई. समद्यांम्होरं माझं काळीज दावलंत, आता तुमास्नी कसं उठवू?"

पुढे काही वर्षांनी प्रकृती ढासळली, तेव्हा बाईंनी शेड आवरली आणि त्या नागपूरला मुलीकडे गेल्या. तिथेच त्या वारल्या. अण्णांनी जागा अजून विकलेली नाही. तिथे भाताचा पेंढा ठेवतात. बाईंचे टेबल कोपऱ्यात आहे, त्यावर एक फिल्म आहे, धन बाजू वर करून ठेवलेली. दर खंडेनवमीला वहिनी मला फोन करतात. "भावजी, सुलटं अंग कुठलं वो?" "वरचं," मी सांगतो. त्या तेवढ्याच अंगाला कुंकू लावतात.

बाईंचा जोर निघून गेला तरी मी अजून त्यांनी वळवलेल्या अंगालाच आहे. तुम्हालाही कोणी असे वळवून गेले आहे का?