बिनआवाजाचं बटण

“हा कुठला? ओळखा बरं!” असं म्हणत तो फाटकाशी उभा राहून एक बोट वर करायचा आणि सायरन मुद्दाम वाजवून दाखवायचा. वयानं मोठा होता, तरी मी त्याला इथं ‘तो’च म्हणणार. तुमच्याही गल्लीत असा एक असेल, बघा.

चितेगावची जमीन कंपनीला गेल्यावर त्यानं पडेगावात आमच्या भिंतीला लागून बंगला बांधला. सगळीकडं यंत्रं बसवली. दार-खिडकी उघडली की सलग बोंब, म्हणजे चोर. तीनदा वाजून थांबलं आणि परत तीनदा वाजलं, म्हणजे धूर. मधूनच एकदा ‘टिक्’ झालं, म्हणजे बॅटरी उतरली. अख्ख्या गल्लीकडून त्यानं हे पाठ करून घेतलं होतं आणि वर दम, “वाजलं तरी कुणी आत पाय टाकायचा नाय. आत दिसंल तो चोर.”

संक्रांतीला त्याच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, हळदीकुंकू ठेवलं. या गृहस्थानं यंत्र चालूच ठेवलं. बाई आली की बोंब, गेली की बोंब. काकू हातात वाण घेऊन रडकुंडीला आल्या. माझी बायको म्हणाली, “काका, तासभर बंद ठेवा की.”

“माणसं लई येतात, तवाच चोर घर बघून जातो,” तो म्हणाला. पुढच्या वर्षी काकूंनी कुणालाच बोलावलं नाही.

काकूंना दमा होता. त्यानं त्यांच्या गळ्यात एक बटण अडकवलं. “हे दाबलं की घरात आवाजच नाय. निरोप थेट माझ्या मोबाईलवर. चोराला पत्ता लागत नाय!”

“आणि काकूंना दम लागला तर?” मी विचारलं.

“मला कळंल ना! तुम्हाला काय करायचंय?”

एका दुपारी काकूंना दम लागला. खिडक्या बंद होत्या. त्यांनी बटण दाबलं. तो तेव्हा क्रांती चौकात होता. मोबाईलवरची लाल खूण बघून त्याला दमा आठवला नाही, चोरच आठवला. आमचा कुणाचा नंबर त्यानं कधी घेतलाच नव्हता. तो आधी पोलिसांकडं धावला. चोर सावध होऊ नये म्हणून जीप गल्लीच्या तोंडाशीच थांबवली आणि सगळे दबकत आत शिरले. मी भिंतीच्या अलीकडं चहा पीत बसलो होतो.

काकू स्वयंपाकघरात पडल्या होत्या. सगळं संपलं होतं.

तेराव्याला तो माझ्यावरच उखडला. “भिंतीला भिंत तुमची! बाई मरती अन् तुम्हाला साधा आवाज नाय आला?”

दुःखातल्या माणसापुढं गप्प बसावं, हे मला कळतं. मी बसलो नाही.

“आवाज तुम्हीच बंद केला होता, काका.”

उन्हाळ्यात तो बंगला विकून गेला. कुठं गेला, मी विचारलं नाही. काकूंसाठी रडावं म्हटलं तर आधी त्याचाच संताप येतो आणि रडणं राहून जातं.